भैरीच्या अंगावरचे फोड

दत्ताराम गुरव सकाळीच बोंब ठोकत आला, तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते.

"वैनी, दादा कुठं हायत? भैरीनं कवच टाकलान्!"

हातातली भाकरी तव्यावर पडायची ती राखेत पडली.

कवच म्हणजे काय ते आधी सांगते, नायतर तुम्ही म्हणाल बाई काय बरळते. आमचा भैरी म्हणजे देवळातला एक दगड. त्याला सणावारी शेंदूर नि तेल चोपडायचं. बापजाद्यांपासून चोपडत आलेत, तो थर वाढत वाढत वीतभर जाड झाला. आत दगड केवढा, कसा, कुणाला ठावं नाय. मग एखाद्या पिढीत तो सगळा थर आपसूक सुटतो आणि खाली येतो. याआधी सुटला तो मालकांच्या आज्याच्या वेळेला. त्याचे नेम हायत. उघड्या देवाला कुणी बघायचं नाय. गुरवानं चादरीखाली हात घालून चाचपत नवा शेंदूर लावायचा. आणि पडलेलं कवच, सावित्री जिथं समुद्राला मिळते तिथं नेऊन सोडायचं. मानकऱ्याच्या बायकोनं ते मांडीवर घ्यायचं, पण तिनंही आत डोकवायचं नाय. आधी कवच सोडायचं, मग शेंदूर लावायचा. तोवर देव चादरीखाली.

मानकरी म्हणजे आमचे मालक, महिपती. नाव घेतलं मी, आता या वयात कसली लाज! तर मालक पंचा गुंडाळून तसेच देवळाकडं पळाले.

आमचं गाव कुडपणच्या बाजूला, सड्यावर. वर सपाट जांभ्या दगडाचा सडा, त्यावर देऊळ, आमची वरली वाडी. सड्याच्या खाली उतरणीवर खालली वाडी. तिथं काशीबाईचं घर. मी नि काशी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. माझा राजेश झाला तेव्हा मला दूध आलं नाय, काशीनं स्वतःच्या लेकीबरोबर त्याला पाजलं. हे मी कधी विसरले नाय आणि कुणाला विसरू दिलं नाय.

तर काशीच्या घराच्या वर, उतरणीला, भेग पडली होती. एकवीस सालच्या पावसात तालुक्यात डोंगर कसे खाली आले, ते आम्ही बघितलेलं हाय. तेव्हापासून भेग बघितली की आम्ही आधी आभाळाकडं बघतो. सुरुवातीला भेगेत बोट जायचं. मग हात जायला लागला. या उन्हाळ्यात काशीचं करडू त्यात पडलं, ते ओरडताना ऐकू यायचं पण दिसायचं नाय. सरकारची माणसं आली, चुन्याच्या खुणा मारून गेली. बोलली, पावसाच्या आत वाडी हलवा. पत्र्याची घरं आम्ही देऊ, जागा गावानं द्या. जागा एकच होती, देवळाभोवतालचा सडा. आणि सड्याला गावाची मान्यता हवी, म्हणजे मालकांची.

कवच पडलं त्याच दुपारी याची बैठक ठरली होती. काशी सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती, माझ्या वासरीला गोंजारत. तिचा नवरा रामा गुडघ्यानं अधू, त्याला दोघांनी धरून वर आणलेला. काशी मला बोलली, "प्रयागे, तुझे मालक नाय तर नाय म्हणायचे ना गो?" मी बोलले, "म्हणून तर बघू दे!"

आणि मालक देवळातून बाहेर आले. तोंड चुन्यासारखं पांढरं. मला वाटलं, यांना झटका आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर माझ्याकडं बघितलंच नाय त्यांनी. सगळं गाव उभं होतं तिथं, वरली वाडी, खालली वाडी.

"चादर सरकली," ते बोलले. "मी बघितला. भैरीच्या अंगावर फोड आलेत. सगळ्या अंगभर फोड."

अगो बाय! बायकांनी तोंडाला पदर लावले. सोमानं, जो एरवी देवाची पण टिंगल करतो, त्यानं पायातली चप्पल काढली. दत्ताराम तर तिथंच बसला. देवाला देवी आल्या म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

"कोप हाय," मालक बोलले. "आपण देवाची जागा वाटायला निघालो, त्याचा कोप. हा देव कुणी आणलेला नाय, कुणी बसवलेला नाय. याच सड्यातून वर आलेला, स्वयंभू. त्याची जमीन, त्याचे आम्ही मूळ लोक. खालली वाडी कोळशाच्या भट्ट्या लावायला घाटावरून आलेली, उपरी. उपऱ्यांना सड्यावर जागा नाय. देव अंगावर फोड आणून सांगतो हाय, अजून काय सांगायला पायजे?"

काशी उठली, रामाला उठवलं, आणि त्याला धरून उतरणीला लागली. त्या भेगेच्या बाजूनंच पायवाट जाते.

मी मालकांना घरी गाठलं. "अवो, ती बाई त्या भेगेखाली झोपणार हाय. तुमच्या पोराला अंगावर पाजलंन तिनं."

"उचलली जीभ नि लावली टाळ्याला! देवापुढं मी कोण?"

"देवापुढं तुम्ही नेहमी मधे कसे उभे असता तेवढं सांगा."

ते कोपऱ्यात जाऊन भैरीचं नाव पुटपुटत बसले. नाटक नव्हतं ते. माणूस खरा घाबरला होता, आणि तेच जास्त वाईट. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, घाबरलेल्याशी कसं भांडायचं?

राजेश मुंबईहून सुट्टीवर आलेला, त्याची गाडी होती. लगेच दुसऱ्या दिवशी निघालो. कवच फुटून सुटलं होतं. पुढचा मोठा तुकडा नव्या टोपलीत, लाल फडक्यात बांधून माझ्या मांडीवर. मागचे बारके तुकडे मालकांच्या पिशवीत. काशी रस्त्यापर्यंत आली होती. गाडीच्या खिडकीला हात लावून बोलली, "समुद्राला माझा पण नमस्कार सांग. आणि लवकर ये गो, पावसाची घाई दिसते." तिनं शेळ्या आधीच माझ्या गोठ्यात आणून बांधल्या होत्या. माणसांना सड्यावर मनाई, शेळ्यांना नव्हती.

पोलादपूर गेलं, महाड गेलं. महाडात चहाला थांबलो, मी मांडीवरची टोपली ठेवायची कुठं म्हणून गाडीतच बसले. दासगावच्या पुढं सावित्री रुंद व्हायला लागली. नदी नव्हेच ती, खाडी. ओहोटी होती, काठाला चिखल उघडा पडलेला, काळा, लोण्यासारखा, आणि त्यात तिवरांची झाडं मुळ्या वर करून उभी.

"मम्मी, ये देख," राजेश बोलला. मुंबईला राहून त्याची जीभ अशीच वाकडी झाली हाय. "हा सगळा चिखल वरून येतो. आपल्या साइडचा."

मालक सकाळपासून पहिल्यांदा बोलले. "आपलीच माती. डोंगरातून सुटते, नदीतून येते, इथं बसते. पाणी संथ झालं की माती खाली बसणारच. ही सगळी खाडी आपल्या मातीनं भरलेली." त्यांच्या आवाजात अशी ऐट, जशी काय खाडी पण त्यांच्या सातबाऱ्यावर.

मी बोलले, "काशीचं घर पण येईल मग इथं, चिखल होऊन. तेव्हा कुणाचं म्हणाल?"

राजेशनं रेडिओ लावला.

आंबेतवरून म्हसळ्याकडून फिरत दुपारी त्या गावाला पोचलो. गावाचं नाव सांगत नाय, त्यांना उगा त्रास नको. खाडीच्या मुखाजवळचं गाव. मी बासष्ट वर्षांची झाले पण समुद्र असा जवळून बघितला नव्हता. मला वाटायचं समुद्र म्हणजे सगळीकडं वाळूच. तर एका बाजूला हरिहरेश्वराकडचे काळेकुट्ट कडे, आमच्या डोंगरातल्या कड्यांसारखेच, नि समुद्र त्यांच्यावर डोकं आपटत होता. कडा खालून खाल्लेला, भोकं भोकं पडलेली. आणि त्याच समुद्राच्या मांडीवर इकडं वाळू, शांत, मऊ, पाय टाकला की रुतणारी. एकच पाणी, एका हातानं फोडतं नि एका हातानं पसरतं. मी टोपली घेऊन बघतच राहिले.

वाळूच्या कडेला, माडांच्या सावलीत एक विहीर होती आणि तिथं एक बाई धुणं धूत होती. बनुबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. काळीसावळी, काटक, माझ्याच वयाची. तिच्याशी राजेशनं बोलणं काढलं, की कवच सोडायला खोल पाणी कुठं मिळेल. ती बोलली, "आता ओहोटी हाय. जरा बसा. भरती लागली की त्या टोकाला जा."

मी बसले. टोपली खाली ठेवायला मनाई, म्हणून वाळूवर मांडी घालून मांडीवरच ठेवली. पण वाळू ती, तिला कुठं धर! मी जरा सरकले नि टोपली कलंडली. फडकं सुटलं. कवच वाळूवर उताणं पडलं, आतली बाजू वर.

नेम मोडला. मी डोळे मिटायला हवे होते, मिटले नाय. मिटताच आले नाय.

कवचाच्या आत ठसे होते. ओल्या कणकेवर बोटं दाबावीत तसे, खोल, स्वच्छ. पण बोटांचे नव्हे. लहान लहान पंखे, रेघारेघांचे. अर्धे गोल, कान्हवल्यासारखे. एक लांबडा, टोकदार, पिळ्यापिळ्याचा. आणि समोरच्या मधल्या भागात ठसे नव्हतेच. तिथं कवच गुळगुळीत नि फुगीर होतं, म्हणजे तिथं आतला दगड झिजलेला, खोलगट असणार.

"अवो," मी बोलले. "अवो, इकडं या."

मालक धावत आले. "झाक ते! झाक म्हणतो ना!"

"फोड," मी बोलले. "हे तुमचे फोड."

त्यांनी बघितलं. माझ्या बाजूला वाळूतच मोकळ्या शिंपल्या पडल्या होत्या, पोरं वेचतात तसल्या. मी एक उचलली आणि एका ठशात ठेवली. बसली. बाईच्या हातात बांगडी बसावी तशी बसली.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती तिथं खरोखरच सरकत होती, पण मालकांना त्याचं भान नव्हतं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते बनुबाईच्या हाताकडं बघत होते, ती साडी आपटत होती त्या दगडाकडं. मी पण बघितलं.

धुण्याचा दगड. वरून झिजून खोलगट झालेला, गुळगुळीत. आणि बाजूंनी शिंपल्याच शिंपल्या, वाळूत गच्च बसलेल्या, एकावर एक.

"बनुबाय," मी विचारलं, "हा दगड कसला गो?"

"हा? करल." ती साडी पिळत होती. "समुद्र किनाऱ्याला वाळू टाकतो, शिंपल्या टाकतो. वाळूच्या पोटात पाणी मुरतं, शिंपल्यांचा चुना धरतो, गूळ धरतो तसा. किती वर्सं लागतात देवाला ठावं. मग एखाद्या पावसात समुद्र वरची वाळू ओढून नेतो नि खाली ही करल उघडी पडते. आम्ही जोत्याला घालतो, कुंपणाच्या गडग्याला घालतो. धुण्याला बरी, साबण धरत नाय."

"डोंगरात मिळते?" मालकांनी विचारलं.

ती हसली. "डोंगरात कशी मिळंल दादा? डोंगरात समुद्र हाय?"

मी कवच फडक्यात गुंडाळलं. गाठ मारली ती तीनदा सुटली.

बनुबाईला वाटलं मला चक्कर आली. तिनं शहाळं आणून दिलं, जवळ बसली, आणि मला बरं वाटावं म्हणून बोलत राहिली. त्या बिचारीला काय ठावं, ती आम्हाला काय सांगत होती!

"त्या लाटा फुटतात ना, तिथं आमचा जुना गाव होता," ती बोलली. "म्हातारे सांगायचे. खाडीचं तोंड एका जागी नसतं. आज इथं, उद्या तिथं. वाळूचा दांडा सरकला, तोंड फिरलं, नि समुद्र घरांत शिरला. आधी विहिरी खारट झाल्या, मग माड पडले, मग घरं. देऊळ पण गेलं. अर्धी माणसं मागं सरकून इथं वसली. अर्धी खाडीनं वर गेली, बंदरापर्यंत होडीनं, पुढं पायी, डोंगरात. ती परत आली नाय. नारळी पुनवेला आम्ही एक नारळ समुद्राला देतो नि एक भरतीच्या पाण्यात खाडीला सोडतो. वर गेलेल्यांचा."

"त्यांनी देव नेला होता?" मी विचारलं.

"देव पाण्यात गेला, नेतील काय? आमच्यात अजून बायका एकमेकींना हसतात. एक कोण होती म्हणे, घर बुडताना तांबं-पितळ सोडलंन आणि दारातला धुण्याचा धोंडा डोक्यावर घेऊन गेली. कुणी खुळी म्हणतं, कुणी म्हणतं, अगो, दाराची एक खूण तरी नको? अजून कुणी नको ते ओझं उचललं, की आम्ही म्हणतो, धोंडावालीची नात हाय."

मी मालकांकडं बघितलं. चैत्रात भैरीला आंघोळ घालतो, ती आम्ही मीठ घातलेल्या पाण्यानं घालतो. का, तर दृष्ट लागू नये. मालकांचा आजा तेच सांगायचा, बाप तेच सांगायचा. गोड्या पाण्याच्या झऱ्यावर राहणारी माणसं देवाला खारं पाणी घालतात, आणि इतक्या पिढ्यांत एकानंही विचारलं नाय की का रे बाबांनो!

भरती लागली. मालक कवच घेऊन एकटेच टोकाला गेले, कमरेइतक्या पाण्यात. सोडलं तेव्हा हात जोडले नाय त्यांनी, नुसते पाण्याकडं बघत राहिले, जिथं लाटा फुटतात तिथं. मी तेवढ्यात विहिरीजवळचा करलीचा एक तुकडा उचलून ओटीत घातला. बनुबाई बोलली, "काय करतेस गो दगडाचं?" मी बोलले, "मी पण धोंडावालीची नात." ती खळखळून हसली. मी नाय हसले.

परतीला दासगाव आलं. मग मालक बोलले, "हे गावात बोलायचं नाय."

"काय?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. दत्ताराम उद्या शेंदूर लावील. फोड झाकले जातील. देव तो देवच हाय."

मला असा राग आला, असा राग आला, की दार उघडून उतरावं. "तुमचा देव तुम्हाला लखलाभ! आणि काशी? तुमच्या त्या फोडांपायी ती भेगेखाली झोपते. ते फोड नव्हते, ठावं हाय ना आता? की अजून देवी आल्यात?"

"मला कोप वाटला," ते हळू बोलले. "शपथ सांगतो. मी बघितलं नि मला माझा बाप आठवला, अंगभर देवी येऊन गेला तो. शिंपली मी कधी बघितलीय गो?"

"आता बघितलीत."

"मग मी कोण? सगळं आयुष्य सांगत आलो, आम्ही मूळचे, या मातीतून उगवलेले. आता काय सांगू, समुद्रानं हाकललेले, होडीतून आलेले? लोक तोंडावर हसतील."

"हसू देत. हसण्यानं घर पडत नाय."

खाडीला भरती आली होती, मघाचा चिखल सगळा पाण्याखाली गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळापुढं. दत्ताराम शेंदूर कालवून बसलेला, देवावर चादर. आभाळ भरून आलेलं. खालली वाडी एका बाजूला, लांब, उभीच. बसा म्हणायला कुणी नाय. काशीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिला वाटलं माझं काय चाललं नाय.

मालक पायरीवर बसले होते. दत्ताराम बोलला, "दादा, लावू?" त्यांनी मान हलवली. लाव. दत्तारामानं चादरीखाली हात घातला.

माझ्यानं राहवेना. ओटीतला तुकडा काढला आणि पायरीवर, मालकांच्या पुढ्यात, ठाण् करून ठेवला.

"हे बघा," मी बोलले. "भैरीच्या अंगावरचे फोड. समुद्रावर बायका यावर धुणं धुतात!"

काय गलका उडाला म्हणून सांगू! "वैनीला वारं लागलं!" "नेम मोडलान्!" सोमा ओरडला, "समुद्रावरचा धोंडा आणून आमच्या देवाला बाटवतेस?" कुणीतरी मला मागं ओढलं. माझा पदर फाटला. मी मालकांकडं बघत होते. आता मला खोटं पाडायला त्यांना एक शब्द पुरला असता.

ते उठले. दत्तारामाचा हात धरला, शेंदरानं भरलेला, आणि चादर ओढून काढली.

गावानं किंचाळी फोडली. काही बायकांनी पोरांचे डोळे झाकले. आणि मग हळूहळू सगळं शांत झालं, कारण देव समोर होता. करडा, ओबडधोबड, शिंपल्याच शिंपल्या, आणि पुढून झिजलेला, खोलगट. मालकांनी माझा तुकडा उचलला नि त्याच्या बाजूला धरला. एकच दगड. आंधळ्यालाही कळावं.

"खरं हाय," ते बोलले. "फोड नाय ते. मी चुकलो. हा इथला नाय. खालून आलाय, समुद्रावरून. समुद्रानं गाव खाल्ला, तेव्हा कुणीतरी वर आणला. ज्यांनी आणला ते आपण."

सोमा उभा होता तिथंच खाली बसला. शेवटी तोच बोलला, लहान पोरासारखा, "मग दादा, हा देव कुणाचा?"

मालकांनी देवाच्या झिजल्या खोलगट जागेवर हात ठेवला.

"ज्याचं घर गेलं त्याचा," ते बोलले. मग खालल्या वाडीकडं वळले, पण नजर वर करवेना त्यांना. "सामान आणा. आजच आणा. पत्रे येईपर्यंत देवळात राहा."

काशी जागची हलली नाय. तिला कळलंच नाय आधी. मग रामा, तो गुडघ्यानं अधू माणूस, रडायला लागला, तेव्हा तिला कळलं.

दुपारपर्यंत उतरणीवर रांग लागली. हंडे, गाद्या, टीव्ही, पिठाचे डबे, कोंबड्यांचे खुराडे. वरल्या वाडीतले काही लोक मदतीला उतरले, काही दारं लावून बसले. खोटं कशाला सांगू. रिमझिम सुरू झाली होती. मालक सड्याच्या कडेला उभे होते, भेगेकडं बघत.

काशी सगळ्यात शेवटी आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काळा पाटा, सासूनं दिलेला, मसाला वाटून वाटून मधे खोल झालेला. मान थरथरत होती तिची, चढ चढून श्वास लागलेला. मी ओरडले, "अगो काशे, खुळी की काय! भांडी सोडून धोंडा कसला आणतेस?"

"भांडी काय, नवी मिळतील," ती धापा टाकत बोलली. "दाराची एक खूण तरी नको गो?"

मी मालकांकडं बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं.

या माणसानं आयुष्यात कुणा बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलेलं मी बघितलेलं नाय. माझ्या तर नायच. ते पुढं झाले. दोन्ही हातांनी, भैरीची पालखी उतरवतात तसा, काशीच्या डोक्यावरून पाटा उतरवला आणि छातीशी धरून पावसात उभे राहिले. अख्खा सडा त्यांच्या मागं पसरलेला होता, ज्याच्या टीचभर जागेसाठी त्यांनी हयातभर भांडणं केली.

"कुठं ठेवू गो, काशीबाई?" त्यांनी विचारलं. "तू सांगशील तिथं ठेवतो."